हृदय, रक्त आणि रक्ताभिसरण : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तदान शिबिरात फॉर्म भरताना, दहावीच्या विज्ञानाच्या तासाला आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळची फेरी संपवून बाकावर टेकलेल्या मंडळींत हृदय आणि रक्त यांविषयी जे प्रश्न निघतात, त्यांतले बरेचसे तेच ते असतात. त्यांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. यांपैकी अनेक प्रश्नांच्या मुळाशी रक्ताभिसरण म्हणजे केवळ हृदय, ही समजूत असते. हृदय रक्ताला जोर देते हे खरे. परंतु ते रक्त कोठे, किती आणि कोणत्या दाबाने पोहोचेल हे मुख्यतः रक्तवाहिन्या ठरवतात, आणि ज्याला आपण हृदयाचा आजार म्हणतो त्याची सुरुवात पुष्कळदा या वाहिन्यांतच झालेली असते. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. निदान आणि उपचार डॉक्टरांकडूनच व्हावेत.

प्रश्न : हृदय छातीत डावीकडे असते का?

पूर्णपणे नाही. हृदय छातीच्या जवळजवळ मधोमध, उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) मागे, दोन्ही फुप्फुसांच्या मध्ये असते. त्याचे निमुळते टोक खाली आणि डावीकडे झुकलेले असल्यामुळे ठोका डाव्या बाजूला, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या जागेत हाताला लागतो. प्रौढ माणसाच्या हृदयाचे वजन साधारणतः २५० ते ३५० ग्रॅम असते. डावीकडे दुखले तर हृदय आणि मध्ये दुखले तर पित्त, अशी जी सोपी वाटणी आपण करून टाकतो ती धोक्याची आहे, कारण हृदयविकाराची वेदना बहुतेकदा छातीच्या मध्यभागीच दाटून आल्यासारखी जाणवते.

प्रश्न : हृदयाला चार कप्पे कशासाठी लागतात?

हृदय दिसायला एक असले तरी कामाच्या दृष्टीने ते शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. शरीरभर फिरून आलेले, ऑक्सिजन कमी झालेले रक्त उजव्या अलिंदात जमते, तेथून उजव्या निलयात उतरते आणि फुप्फुसधमनीतून फुप्फुसांकडे जाते. तेथे कार्बन डायऑक्साइड सोडून आणि ऑक्सिजन घेऊन ते डाव्या अलिंदात परतते, डाव्या निलयात येते आणि महाधमनीतून सर्व शरीरात पाठवले जाते. म्हणजे कोणत्याही एका पूर्ण फेरीत रक्ताला हृदयातून दोनदा जावे लागते.

दोन्ही पंप दर मिनिटाला सारखेच रक्त पुढे ढकलतात, परंतु त्यांचा दाब सारखा नसतो. उजवा निलय सुमारे २५ मिलिमीटर पारा एवढ्या दाबावर काम करतो, तर डावा निलय सुमारे १२० मिलिमीटर पाऱ्यावर. फुप्फुसे जवळ आहेत आणि त्यांच्या केशवाहिन्या (सर्वांत बारीक रक्तवाहिन्या) अतिशय नाजूक आहेत; तेथे डाव्या बाजूचा दाब पोहोचला तर रक्तातील पाणी फुप्फुसांच्या वायुकोशांत झिरपू लागेल. डाव्या बाजूला मात्र डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोहोचवायचे असते, म्हणून डाव्या निलयाची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड असते. दोन वेगळे दाब एकाच वेळी सांभाळता यावेत, ही चार कप्प्यांची खरी गरज आहे.

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे सांगितले जाते, तेव्हा बहुधा याच दोन बाजूंमधल्या पडद्याविषयी बोलले जात असते. गर्भात असताना बाळ फुप्फुसांनी श्वास घेत नाही, त्यामुळे दोन अलिंदांमध्ये एक वाट मुळातच उघडी असते आणि जन्मानंतर ती मिटते. काही बाळांत अलिंदांमधला किंवा निलयांमधला पडदाच अपुरा राहतो. लहान छिद्रे कित्येकदा आपोआप बुजतात. मोठी असली तर शस्त्रक्रियेने किंवा जांघेतील शिरेतून नळी घालून बंद करावी लागतात. अंगणवाडी आणि शाळांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि जन्मजात हृदयदोषही त्यात येतात. दूध ओढताना बाळाला धाप लागणे, कपाळाला घाम फुटणे आणि वजन न वाढणे या खुणा दिसल्या तर शाळेतील तपासणीची वाट पाहत बसू नये.

प्रश्न : ‘लब-डब’ असा आवाज कशाचा येतो?

झडपा मिटल्याचा. अलिंद आणि निलय यांच्यामध्ये दोन, आणि निलयांतून बाहेर पडणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या तोंडाशी दोन, अशा चार झडपा रक्ताला उलटे येऊ देत नाहीत. मिनिटाला सुमारे ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यातील सुमारे ०.१ सेकंद अलिंदे आकुंचन पावतात. मग निलये आवळली जातात. आतला दाब वाढताच वरच्या झडपा मिटतात आणि ‘लब’ उमटतो. सुमारे ०.३ सेकंद रक्त बाहेर ढकलून झाल्यावर निलये सैल पडतात, धमन्यांतील रक्त मागे यायला पाहते, तेवढ्यात त्यांच्या तोंडाच्या झडपा मिटतात आणि ‘डब’ ऐकू येतो. उरलेला ०.४ सेकंद सगळे हृदय शिथिल असते, म्हणजे हृदय अहोरात्र राबते असे आपण म्हणत असलो तरी त्याचा जवळपास निम्मा वेळ विश्रांतीत जातो. झडप नीट मिटत नसेल किंवा नीट उघडत नसेल तर या दोन आवाजांच्या आगेमागे फूत्कारासारखा आवाज येतो. डॉक्टर छातीवर स्टेथोस्कोप जागा बदलून लावतात, ते कोणत्या झडपेचा आवाज आहे हे ओळखण्यासाठी. हे साधन फ्रान्समध्ये रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये प्रथम वापरले, तेव्हा ते गुंडाळी केलेल्या कागदाचे होते.

प्रश्न : हृदयाला ठोका देण्याचा हुकूम मेंदू देतो का?

नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात पेशींचा एक लहान पुंजका असतो आणि तो स्वतःहून, ठरावीक अंतराने, विजेचा सूक्ष्म संदेश निर्माण करतो. हा संदेश अलिंदांतून पसरून निलयांच्या वेशीवर क्षणभर थांबतो, म्हणजे अलिंदांना रिकामे व्हायला वेळ मिळतो, आणि मग निलयांत उतरतो. मेंदूकडून येणाऱ्या नसा या ठोक्यांचा वेग फक्त कमी-अधिक करतात. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाच्या नसा तोडलेल्या असतात, तरीही ते नव्या शरीरात धडधडत राहते, हा याचा सर्वांत स्पष्ट पुरावा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केलेले हृदयप्रत्यारोपण जगातील अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी होते, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते. रुग्ण काही तासच जगला, पण तो काळच या शस्त्रक्रियेच्या पहिल्या पावलांचा होता.

ईसीजीच्या कागदावर उमटणारी रेघ म्हणजे याच विजेच्या संदेशाचा आलेख. तो पुंजका किंवा त्यापुढची वाट निकामी झाली की ठोके फार मंद होतात आणि पेसमेकर बसवावा लागतो.

प्रश्न : नाडी ६० पेक्षा कमी असेल तर काळजी करावी का?

विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढांची नाडी साधारणतः ६० ते १०० असते. नियमित लांब पल्ल्याचे धावणाऱ्यांचे हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू शकते, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी त्याला कमी ठोके पुरतात आणि नाडी ५० च्या आसपास असणे त्यांच्यात नवलाचे नसते. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले, त्यानंतर आपल्याकडे लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळलेल्या मुलामुलींच्या पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. सराव करणाऱ्या निरोगी मुलाची नाडी मंद असेल तर घाबरण्याचे कारण बहुधा नसते. मात्र सराव नसलेल्या व्यक्तीची नाडी मंद असून तिला चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा शुद्ध हरपणे असा त्रास होत असेल, तर तिचा ईसीजी काढला पाहिजे.

प्रश्न : रक्ताला शरीरातून एक फेरी मारायला किती वेळ लागतो?

स्वस्थ बसलेले असताना सुमारे एक मिनिट. प्रौढाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते आणि मिनिटाला ७२ ठोके धरले तर साधारण तेवढेच, म्हणजे ५ लिटर, दर मिनिटाला हृदयातून जाते.

हा साधा गुणाकार विज्ञानाच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला. ग्रीक वैद्य गॅलेन यांच्या काळापासून सुमारे दीड हजार वर्षे युरोपात असे मानले जात होते की अन्नापासून यकृत सतत नवे रक्त तयार करते आणि शरीर ते वापरून संपवते. इंग्लंडचे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मुद्दाम कमीत कमी आकडे धरून हिशेब मांडला, तरी दिवसभरात हृदयातून जाणारे रक्त माणसाच्या वजनापेक्षा जास्त भरू लागले. आजचे आकडे धरले तर ते तासाला ३०० लिटर होते. एवढे रक्त अन्नापासून तयार होणे अशक्य, म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्यांतले रक्त शिरांत कोणत्या वाटेने जाते हे मात्र हार्वे यांना दिसले नव्हते. ती वाट, म्हणजे केशवाहिन्या, इटलीच्या मार्चेल्लो मालपिगी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

प्रश्न : धमनी, शिरा आणि केशवाहिनी यांच्यात फरक काय?

हृदयापासून दूर नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शिरा. धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध रक्त, ही पाठ केलेली व्याख्या फुप्फुसधमनीपाशीच फसते, कारण त्या धमनीत कमी ऑक्सिजनचे रक्त असते.

द्राक्षबागेला ठिबक करणाऱ्या शेतकऱ्याला यापुढचे समजावून सांगावे लागत नाही. मेनलाइन जाड, तिला फुटलेल्या सबमेन त्याहून बारीक, मग लॅटरल आणि शेवटी ड्रिपर. पाणी झाडाला मिळते ते ड्रिपरपाशी, आधीच्या सगळ्या नळ्या केवळ वाहतुकीच्या. शरीरातही पेशींशी देवाणघेवाण होते ती फक्त केशवाहिन्यांत. महाधमनी सुमारे अडीच सेंटीमीटर रुंद असते, तर केशवाहिनी एवढी अरुंद की तांबडी पेशी तिच्यातून जवळजवळ एकेरी रांगेत, अंग चोरून जाते. केशवाहिन्यांची संख्या प्रचंड असल्यामुळे त्यांची एकत्रित रुंदी महाधमनीच्या कितीतरी पट होते आणि म्हणूनच रक्ताचा वेग तेथे सेकंदाला जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो. हा संथपणा आवश्यक आहे, कारण ऑक्सिजन, साखर आणि टाकाऊ पदार्थ यांची ये-जा त्या थोड्याशा वेळातच उरकायची असते. केशवाहिन्यांच्या अलीकडे असलेल्या सूक्ष्म धमन्यांच्या भिंतीत स्नायू असतात. ते आवळले की पुढचा पुरवठा कमी होतो आणि मागचा दाब वाढतो. रक्तदाबाचे बरेचसे नियंत्रण येथे, हृदयापासून दूर होते.

प्रश्न : दिवसभर उभे राहिल्यावर पाय का सुजतात?

शिरांतील दाब फारच कमी असतो आणि शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी शिरांतच असते. पायातून हृदयाकडे चढण्यासाठी या रक्ताला पोटरीच्या स्नायूंची मदत लागते. चालताना स्नायू शिरांना दाबतात, रक्त वर सरकते आणि शिरांतील झडपा ते खाली येऊ देत नाहीत. सिंहस्थाच्या बंदोबस्तात एकाच जागी उभा असलेला पोलीस किंवा मेन रोडवरच्या दुकानात काउंटरमागे उभा असलेला विक्रेता यांच्या पोटऱ्या दीर्घकाळ हलतच नाहीत, रक्त खाली साचते आणि केशवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून घोट्याभोवती सूज येते. वर्षानुवर्षे असे घडले की झडपा निकामी होऊन पोटरीवरच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. दर काही मिनिटांनी टाचा उचलणे, जागच्या जागी पावले टाकणे आणि रात्री पाय उशीवर ठेवणे हे उपाय किरकोळ वाटले तरी कारणावरच काम करणारे आहेत. सूज एकाच पायाला, अचानक आणि दुखरी असेल तर खोल शिरेत गुठळी झाल्याची शक्यता असते. तेव्हा मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन्ही पायांची सूज धापेसह येत असेल तर हृदय, मूत्रपिंड आणि यकृत या तिन्हींची तपासणी लागते.

प्रश्न : शिरा निळ्या दिसतात, मग त्यांतले रक्त निळे असते का?

नाही. तेही लालच असते, फक्त गडद. त्वचेतून प्रकाश आत जाऊन परत येताना जो भाग डोळ्यांपर्यंत पोहोचतो त्यामुळे शीर निळसर भासते. रक्त तपासायला देताना सिरिंजमध्ये जे गडद लाल रक्त दिसते, ते शिरेतलेच असते.

प्रश्न : सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, रिपोर्टमध्ये नेमके काय मोजलेले असते?

रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रव असतो आणि त्यात ९० टक्क्यांहून अधिक पाणीच असते; उरलेल्यात प्रथिने, क्षार, साखर, संप्रेरके. बाकीच्या भागात तीन प्रकारच्या पेशी. तांबड्या पेशी घनमिलिमीटरला साधारण ४५ ते ५५ लाख असतात, त्यांना केंद्रक नसते आणि त्या सुमारे १२० दिवस जगतात. पांढऱ्या पेशी ४,००० ते ११,००० असतात आणि संसर्गाशी लढतात. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असतात आणि जखमेपाशी गुठळी करण्याची सुरुवात करतात. या सगळ्यांची निर्मिती अस्थिमज्जेत होते.

पावसाळ्यात डेंग्यू वाढला की घरोघरी प्लेटलेटच्या आकड्यावरच बोलणे सुरू होते. या आकड्याला त्याच्या योग्यतेपेक्षा जास्त मान मिळाला आहे, असे स्पष्टच म्हणावे लागेल. गंभीर डेंग्यूतला मोठा धोका केशवाहिन्यांच्या भिंतीतून रक्तद्रव बाहेर गळण्याचा असतो. त्याने रक्त दाट होते, दाब कोसळतो आणि अवयवांना पुरवठा अपुरा पडतो. हे बहुतेकदा ताप उतरत असताना, म्हणजे घरच्यांना हायसे वाटू लागते तेव्हाच घडते. म्हणून पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे आणि हिरड्यांतून रक्त येणे या खुणांकडे आकड्यापेक्षा अधिक लक्ष द्यावे, आणि रिपोर्टमध्ये प्लेटलेटशेजारी छापलेला हिमॅटोक्रिटचा (रक्तातील तांबड्या पेशींच्या टक्केवारीचा) आकडा चढत आहे का हे डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : हिमोग्लोबिन कमी असल्यावर धाप का लागते? काय खावे?

ऑक्सिजन वाहून नेण्याचे काम तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन करते आणि त्याच्या गाभ्यात लोह असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे प्रौढ पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गर्भवतींत साधारण ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. प्रत्येक फेरीत ऑक्सिजन कमी पोहोचू लागला की हृदय फेऱ्या वाढवते. त्यामुळे जिना चढताना धडधड होते आणि दम लागतो. हृदयात दोष नसतानाही हृदयरोगासारखी लक्षणे दिसण्याचे हे एक फार सामान्य कारण आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता.

बीटचा रंग लाल आहे म्हणून ते रक्त वाढवते, या समजुतीला आधार नाही. अळीव, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गूळ-शेंगदाणे आणि मांसाहार करणाऱ्यांसाठी मटण-कलेजी यांतून लोह मिळते. मांसातील लोह अधिक सहज शोषले जाते. भाजीवर लिंबू पिळले किंवा जेवणात आवळा, पेरू असला तर वनस्पतींतील लोहही चांगले शोषले जाते, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर ते अडते. चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. रक्तक्षय बराच असेल तर केवळ आहाराने तो भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात. गर्भवतींना शासनाकडून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. ती किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. शौचाला काळे होते म्हणून ती मध्येच बंद करू नये. तो लोहाचाच परिणाम असतो.

प्रश्न : सिकलसेल म्हणजे काय?

हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते, एवढाच हा दोष. पण ऑक्सिजन कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबट होते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी केशवाहिन्यांत अडकतात, तेथे असह्य वेदना होतात, आणि त्या लवकर फुटत असल्याने रक्तक्षयही होतो. आई आणि वडील दोघांकडून दोष आला तरच आजार होतो. एकाकडूनच आला तर व्यक्ती केवळ वाहक असते आणि सहसा निरोगी राहते. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात हा दोष अधिक आढळतो, म्हणून सुरगाणा, पेठ भागातील तरुण-तरुणींनी लग्नाआधी तपासणी करून घेणे हिताचे आहे. २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवणारे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले.

प्रश्न : ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हा खरोखर वेगळा रक्तगट आहे का?

होय, आणि त्याचा शोध आपल्याच राज्यात लागला. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये ए, बी, ओ रक्तगटांचे वर्णन केले. ए आणि बी या खुणा तांबड्या पेशीवर एच नावाच्या मूळ खुणेवर बांधल्या जातात आणि ओ गटात ती एच खूण तशीच उरते. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त नोंदवले की ज्यात ही एच खूणच नव्हती. नेहमीच्या तपासणीत असे रक्त ओ म्हणून निघते, परंतु त्या व्यक्तीला ओ गटाचे रक्त दिले तर गंभीर प्रतिक्रिया येते. तिला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. रक्त देण्यापूर्वी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त एकमेकांशी जुळवून पाहण्याचा वेळ नातेवाइकांना उगाच लावलेला उशीर वाटतो, पण अशा दुर्मीळ व्यक्ती त्याच पायरीवर सापडतात.

प्रश्न : रक्तदान केल्याने अशक्तपणा येतो का?

निरोगी माणसाला येत नाही. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. त्यातील पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो आणि तांबड्या पेशी काही आठवड्यांत. दात्याचे वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. उपाशीपोटी येणे आणि रक्त देऊन लगेच उन्हात गाडीवर निघणे, ही चक्कर येण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. प्लेटलेट फक्त पाच दिवस टिकतात, म्हणून एकाच दिवशी भरवलेल्या भव्य शिबिरापेक्षा वर्षभर थोडे थोडे येणारे दाते रक्तकेंद्राला जास्त उपयोगी पडतात.

प्रश्न : रक्तदाबाचे दोन आकडे काय सांगतात?

दंडावरचा पट्टा फुगवला की आतली धमनी पूर्ण दबते आणि स्टेथोस्कोपमध्ये काहीच ऐकू येत नाही. हवा हळूहळू सोडताना एका क्षणी रक्त दबलेल्या धमनीतून उसळून पुढे जाते आणि टक्-टक् आवाज सुरू होतो; तो वरचा आकडा, निलय आकुंचन पावतानाचा दाब. दाब आणखी उतरला की धमनी पूर्ण मोकळी होते, रक्त सरळ वाहू लागते आणि आवाज नाहीसा होतो; तो खालचा आकडा, हृदय शिथिल असतानाचा. ही पद्धत निकोलाय कोरोटकोव्ह यांनी १९०५ मध्ये मांडली. पुन्हा पुन्हा मोजूनही दाब १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल तर तो उच्च रक्तदाब मानतात. जिना चढून आल्याआल्या, चहा किंवा तंबाखूनंतर, अथवा बोलत बोलत घेतलेला आकडा विश्वासार्ह नसतो. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावे आणि दंड हृदयाच्या पातळीत असावा.

त्रास होत नाही म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ असतात. उच्च रक्तदाब बहुधा जाणवतच नाही. वाढलेल्या दाबाने धमन्यांचे आतले अस्तर मात्र झिजत राहते आणि परिणाम मेंदू, मूत्रपिंड, डोळे व हृदय येथे वर्षांनंतर दिसतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आमटीत मीठ कमी घालणारे घर चिवडा, शेव, पापड आणि लोणचे यांतले मीठ हिशेबात धरत नाही. रविवारच्या मिसळीला हरकत नाही, पण वरून घेतलेली जास्तीची शेव आणि शेजारचा पापड मोजायला हवा.

प्रश्न : हार्ट अटॅक आणि कार्डियाक अरेस्ट एकच आहेत का?

नाहीत. हृदयातून दिवसाला सुमारे ७,००० लिटर रक्त जात असले तरी हृदयाचा स्नायू त्यातून काही घेऊ शकत नाही. त्याला महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन परिहृद धमन्यांतूनच रक्त मिळते. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचलेला चरबीचा थर फाटला की त्यावर गुठळी होते, वाट बंद पडते आणि पुढचा स्नायू मरू लागतो. हा हार्ट अटॅक. म्हणजे तो मुळात वाहिनीचा आजार आहे. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, मळमळ अशी लक्षणे असतात. स्त्रियांत आणि मधुमेहींत ती अस्पष्ट असू शकतात. गॅस झाला असेल म्हणून सोडा पिऊन पहाटेपर्यंत थांबण्यात जो वेळ जातो, त्यात वाचवता आला असता असा स्नायू गमावला जातो.

कार्डियाक अरेस्टमध्ये विजेचा ताल बिघडून हृदय रक्त ढकलणेच थांबवते. माणूस कोसळतो, प्रतिसाद देत नाही, नीट श्वास घेत नाही. अशा वेळी १०८ ला फोन लावायला एकाला सांगून दुसऱ्याने लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, किमान ५ सेंटीमीटर खोल दाब देण्यास सुरुवात करावी आणि मदत येईपर्यंत थांबू नये. तोंडात पाणी घालणे, कांदा हुंगवणे यांत वेळ घालवू नये.

प्रश्न : ब्रह्मगिरी किंवा सप्तशृंगी गड चढताना धडधड होते. हवा विरळ असल्यामुळे का?

या दोन्ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० ते १,३०० मीटर उंचीवर आहेत. एवढ्या उंचीवर निरोगी माणसाला ऑक्सिजन कमी पडत नाही. धडधडीचे कारण चढ हेच असते. जोराच्या श्रमात हृदय मिनिटाला ५ लिटरऐवजी २० लिटरपर्यंत रक्त पाठवू शकते आणि त्यातील मोठा वाटा पायांच्या स्नायूंकडे वळवला जातो. पचनसंस्थेकडचा पुरवठा तेवढाच कमी होतो, म्हणून भरपेट जेवून चढू नये. थांबल्यावर काही मिनिटांत शांत होणारी धडधड स्वाभाविक आहे. दरवेळी ठरावीक चढावर छातीत आवळल्यासारखे होत असेल आणि थांबताच ते जात असेल, तर मात्र ते परिहृद धमनी अरुंद झाल्याचे लक्षण असू शकते. थांबल्यावर बरे वाटते, हेच येथे तपासणीला जाण्याचे कारण समजावे.

प्रश्न : थंडीत हृदयविकाराचा धोका वाढतो का?

वाढतो. निफाडचा पारा उतरून द्राक्षबागांत शेकोट्या पेटू लागतात त्या दिवसांत शरीरही उष्णता राखण्यासाठी त्वचेतील सूक्ष्म धमन्या आवळते. त्याने रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. थंडीत रक्त गोठण्याची प्रवृत्तीही थोडी वाढते. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार आहे त्यांनी पहाटे पाचला फिरायला निघण्याचा हट्ट सोडून ऊन पडल्यावर जावे, कान-डोके झाकावे, पहिली दहा मिनिटे सावकाश चालावे आणि हिवाळ्यात रक्तदाब एकदा तपासून गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

प्रश्न : घरी नाडी कशी मोजावी?

मनगटाच्या आतल्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनी आणि मधले बोट हलकेच ठेवावे. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याची स्वतःची नाडी बोटाखाली जाणवून गोंधळ होतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करण्याऐवजी पूर्ण मिनिट मोजावे, म्हणजे तालही कळतो. वेग नेहमीचा असला तरी ठोके कसलाही क्रम नसल्यासारखे मागेपुढे पडत असतील, तर त्याची नोंद करून ईसीजी काढून घ्यावा. साठीनंतर अशा अनियमित तालात अलिंदात गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो आणि त्यासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधे उपलब्ध आहेत.